कोर्टात दावा, हातात फोन

नवा पक्षकार पहिल्यांदा ऑफिसात येतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा प्लास्टिकची पिशवी असते. सात-बारा, फेरफार, लग्नपत्रिका, दवाखान्याची बिलं, जुन्या नोटिशी. पूर्वी मी आधी ती पिशवी उघडायचे. आता आधी विचारते, "या विषयावर फोनवर कुठं काही टाकलंय का? फेसबुक, इन्स्टा, स्टेटस, गावाचा ग्रुप?" बहुतेकांचं उत्तर "छे, काहीच नाही" असं येतं. मग सोबत आलेली भाची हळूच म्हणते, "मामा, ते परवाचं?"

सातारा जिल्ह्यातल्या कोर्टांत मी जमिनीचे, नवरा-बायकोचे आणि अपघात भरपाईचे दावे चालवते. हल्ली फाइलमध्ये कुठं ना कुठं स्क्रीनशॉट असतोच. त्या स्क्रीनशॉटांनी जे शिकवलं ते इथं मांडते आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत. कायद्याचे तपशील मात्र आहेत तसेच ठेवले आहेत.

१. पोस्ट ही न मागता दिलेली साक्ष असते

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहण्याआधी आपण तयारी करतो. सरतपासाचं शपथपत्र वाचून घेतो, तारखा जुळवतो, कुठं "नक्की" म्हणायचं आणि कुठं "अंदाजे", हे बघतो. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या रागानं लिहिलेल्या चार ओळींना यातलं काहीच मिळत नाही. तरी त्या तुमच्याच असतात आणि उलटतपासात तुमच्यासमोर ठेवल्या जातात. "हे अकाउंट आपलंच ना? हे आपणच लिहिलंत ना?" तुम्ही "हो" म्हणालात की त्या ओळी तुमच्याविरुद्धच्या पुराव्यात गेल्या.

एका वाटणीच्या दाव्यात कोर्टानं "जैसे थे"चा हुकूम दिला होता. निकाल लागेपर्यंत दोघाही भावांनी त्या रानात मशागत करायची नव्हती. मृगाच्या पहिल्या पावसानंतर थोरल्याच्या मुलानं ट्रॅक्टरवर उभं राहून रील केलं. पाठीमागं वादातलीच विहीर आणि खाली ओळ, "आपलं रान, आपली पेरणी". धाकट्याच्या वकिलांनी मनाईहुकूम मोडल्याचा अर्ज दिला आणि त्याला ते रील जोडलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २-अ प्रमाणे हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. पोरगा कॉलेजातला, दाव्यात पक्षकारसुद्धा नव्हता. खुलासा त्याच्या वडिलांना द्यावा लागला. तेव्हापासून मी पक्षकाराबरोबर घरातल्या तरुण पोरांनाही एकदा बोलावून घेते. दावा एकाच्या नावावर असतो, फोन घरात पाच असतात.

२. फोटो काढल्याची तारीख दिसत नाही, टाकल्याची दिसते

अपघाताच्या दाव्यात हे फार छळतं. माझ्या एका पक्षकाराच्या मांडीच्या हाडात सळई बसवलेली होती आणि अपंगत्वाचा दाखला फाइलमध्ये होता. फेसबुकनं त्याला जुनी आठवण दाखवली. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर मित्रांसोबत काढलेला, अपघाताच्या कितीतरी आधीचा फोटो. त्यानं तो पुन्हा टाकला आणि वर एकच शब्द लिहिला, "राजगड". विमा कंपनीच्या वकिलांनी त्याची प्रिंट मोटार अपघात दावा प्राधिकरणासमोर ठेवली आणि विचारलं, मांडी मोडलेला माणूस बालेकिल्ला कसा चढला? मूळ पोस्ट शोधणं, त्या सहलीतल्या मित्राला साक्षीला आणणं, यात तारखांवर तारखा गेल्या. खरं काय ते शेवटी पुढं आलं. पण चालता येत नाही म्हणून तळमळणाऱ्या माणसाला, तू चालतोस असं भर कोर्टात ऐकावं लागलं, आणि ते त्याला फार लागलं.

दावा चालू असताना जुने फोटो पुन्हा टाकू नयेत. टाकायचाच असेल तर कधीचा आहे ते वर स्पष्ट लिहावं.

३. पोटगीचं शपथपत्र आणि इन्स्टाग्राम एकमेकांना ओळखतात

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी "रजनेश विरुद्ध नेहा" हा निकाल आला. त्यानंतर पोटगीच्या अर्जात दोन्ही बाजूंना आपली मिळकत, मालमत्ता आणि कर्ज यांचं तपशीलवार शपथपत्र द्यावं लागतं. नोकरी गेली, हातात काही नाही, असं शपथेवर लिहिणारा नवरा त्याच महिन्यात शोरूममध्ये नव्या गाडीपुढं हार घालून उभा असलेला दिसला, तर न्यायाधीशांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

हे बायकांच्या बाबतीतही घडतं, आणि तिथं मला जास्त वाईट वाटतं. चुलतभावाच्या लग्नात बहिणीचा हार घालून उभी राहिलेली मुलगी कोर्टात "स्त्रीधन तर तुमच्याच अंगावर आहे" असं ऐकते. दागिना कुणाचा हे फोटो सांगत नाही. ते सिद्ध करण्याचं काम तिच्यावर येऊन पडतं.

४. टाकलेलं पुसू नका

इतकं ऐकल्यावर पक्षकार पहिल्यांदा काय करतो? माझ्यासमोरच फोन काढून डिलीट करायला लागतो. मी त्याचा हात धरते.

कोर्टात पुरावा म्हणून येऊ शकेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद, ती येऊ नये या हेतूनं नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. शिवाय समोरच्यानं स्क्रीनशॉट आधीच घेऊन ठेवलेला असतो. मग पोस्टपेक्षा ती पुसणंच जास्त नडतं, कारण ज्यानं पुरावा दडवला त्याच्या विरुद्ध अनुमान काढायची कोर्टाला मुभा आहे. नवं काही टाकणं थांबवा, अकाउंट खासगी करा, आणि जुन्याचं काय करायचं ते वकिलाला विचारून ठरवा. खासगी केलं म्हणजे सुरक्षित झालं असंही समजू नका. तुमच्या मित्रयादीत तुमच्या मेहुण्याचा मित्र आहेच.

५. तुमच्या बाजूचा पुरावा जपा, आणि नीट जपा

आतापर्यंतचं सगळं धोक्याचं होतं. पण ज्या बाईला रात्री-अपरात्री धमकीचे मेसेज येतात, तिचा सगळ्यात मोठा आधार तिचा फोनच असतो. तो कसा सांभाळायचा हे तिला वेळेवर कुणी सांगत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

या बाबतीत देशभर उद्धृत होणारा निकाल आपल्या जालन्यातून गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिलं की, खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. मात्र त्या चित्रीकरणासोबत लागणारं प्रमाणपत्र अधिकारी वारंवार मागूनही देईनात. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२० मध्ये तिथल्या तीन न्यायाधीशांनी सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र सक्तीचं आहे. गोरंट्याल यांच्या बाजूनं ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं होतं, म्हणून त्यांना तेवढ्यापुरती सवलत मिळाली. त्याच निकालातलं आणखी एक वाक्य सामान्य माणसासाठी सोन्यासारखं आहे : मूळ फोन, टॅब किंवा लॅपटॉप त्याच्या मालकानं स्वतः साक्षीच्या वेळी कोर्टात आणून दाखवला, तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानं घेतली. आता प्रमाणपत्राचा हा नियम त्याच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. ही आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ असते आणि फाइलमध्ये तिळभर बदल झाला तरी ती बदलते.

म्हणून मी पक्षकारांना सांगते : ज्या फोनवर मेसेज आले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, पोरांच्या हातात गेम खेळायला देऊ नका. स्क्रीन फुटली असेल तर दुरुस्तीला टाकण्याआधी मला फोन करा. स्क्रीनशॉट घेताना वरचं-खालचं कापू नका, आधीचा आणि नंतरचा मेसेजही येऊ द्या. तुमच्या स्क्रीनशॉटवर "दीर" एवढंच दिसत असेल तर तो नंबर कुणाचा हे कळत नाही, म्हणून संपर्क उघडून नंबर दिसेल असा आणखी एक घ्या. समोरच्यानं तुमच्याविषयी स्टेटस ठेवलं असेल तर चोवीस तासांत ते जाणार, तेव्हा लगेच नोंद करा. व्हॉट्सॲपवरचं संभाषण एक्स्पोर्ट करून स्वतःला ई-मेल करून ठेवा. आणि त्या मेसेजला उत्तर देऊ नका. दिलंच तर असं द्या की उद्या ते न्यायाधीशांनी मोठ्यानं वाचलं तरी तुमची मान खाली जाणार नाही.

६. निळी खूण

नोटीस टाळण्याचा काळ संपत आलाय. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या प्रकरणात नोटीस व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून पाठवली होती. ती पोचली आणि उघडली गेली हे खुणांवरून दिसलं आणि न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती बजावली गेल्याचं मानलं. बेलीफाला दार न उघडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

७. वकिलाचा मेसेज भावकीच्या ग्रुपवर जात नाही

पक्षकारानं वकिलाला विश्वासानं सांगितलेलं आणि वकिलानं दिलेला सल्ला, दोन्हींना कायद्याचं संरक्षण आहे. तुमच्या परवानगीशिवाय मला ते उघड करता येत नाही. पण मी पाठवलेली व्हॉइस नोट तुम्हीच बत्तीस जणांच्या ग्रुपवर टाकली तर ते संरक्षण तुम्ही तुमच्या हातानं सोडलं. त्यातल्या एकाची तरी ऊठबस समोरच्या घरात असते. गावात हे टळत नाही.

ग्रुपचे अ‍ॅडमिन घाबरून विचारतात की, दुसऱ्यानं काही टाकलं तर आमच्यावर येतं का? उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की, समान हेतू असल्याशिवाय सदस्याच्या मजकुराची फौजदारी जबाबदारी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणावर येत नाही. तरी ग्रुपवर दाव्याची चर्चा सुरू झाली की ती थांबवणारा माणूस मला आवडतो.

आणि त्या ग्रुपवर तुमचे किंवा समोरचे साक्षीदार असतील तर तिथून शक्यतो बाहेरच पडा. "काका, उद्या काय सांगणार आहात?" एवढा साधा मेसेजही साक्षीदारावर दबाव टाकल्यासारखा वाचला जाऊ शकतो. जामिनावर असलेल्यानं तर साक्षीदाराच्या फोटोला लाइकही करू नये, असं मी सांगते.

८. न्यायाधीशांविषयी काही लिहू नका

तारीख पुढं गेली, अर्ज फेटाळला, की राग येतो. तो मलाही येतो. त्यासाठी अपील आहे, पुनर्विलोकनाचा अर्ज आहे. न्यायालयाच्या अवमानाचा १९७१ चा कायदा सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड सांगतो. २०२० मध्ये प्रशांत भूषण यांना दोन ट्वीटसाठी सर्वोच्च न्यायालयानं दोषी ठरवलं आणि एक रुपया दंड केला. तो भरला नसता तर तीन महिने कैद आणि सर्वोच्च न्यायालयात तीन वर्षं वकिलीला बंदी होती. अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणावर न्याय्य टीका करायचा हक्क तोच कायदा देतो. तुमचा दावा चालू आहे, म्हणून थांबा. कोर्टात किंवा ऑनलाइन सुनावणीत रेकॉर्डिंग करू नका, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

९. मुलाला यात ओढू नका

ताब्याच्या दाव्यात आई-वडील दोघंही मुलाचे फोटो टाकायला लागतात. वाढदिवसाचा केक, खाली लिहिलेलं, "पिल्लू, तुला माझ्यापासून दूर करणाऱ्यांना देव बघून घेईल." लिहिणाऱ्याला वाटतं, आपण प्रेम दाखवतोय. कोर्ट त्यात काय वाचतं? पालक आणि पाल्य कायदा १८९० सालचा, पण त्याचा गाभा आजही मुलाचं हित हाच आहे. मुलाच्या दुसऱ्या पालकाविषयी चारचौघांत विष पेरणारा माणूस त्या हितात बसत नाही. अशा पोस्टमुळं भेटीच्या वेळा ठरवताना अटी वाढलेल्या मी पाहिल्या आहेत.

कोर्ट बाजूला ठेवून सांगते. शाळकरी मुलं वाचतात. त्यांचे मित्र वाचतात, मित्रांच्या आया वाचतात. एक सातवीतली मुलगी समुपदेशक बाईंना म्हणाली होती, "मला दोघंही चालतील, फक्त ते माझ्याबद्दल लिहायचं थांबवा." तिला कुणाकडं राहायचं हा प्रश्न दुसरा होता, पहिला हा होता. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी मिळून त्या दिवशी आपापल्या पक्षकाराशी बोलायला हवं होतं, आणि आम्ही बोललो.

वैवाहिक दाव्यांची सुनावणी बंद दाराआड घेण्याची तरतूद याच विचारानं केली आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे त्यातला मजकूर कोर्टाच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, केला तर हजार रुपयांपर्यंत दंड. रक्कम लहान आहे, म्हणून लोक हसण्यावारी नेतात. पण लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव किंवा ओळख उघड केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि "आमच्या लेकीला न्याय द्या" म्हणून कळकळीनं फोटो फिरवणाराही त्यातून सुटत नाही.

१०. दुसऱ्याचं अकाउंट उघडू नका

पतीनं पत्नीशी झालेलं फोनवरचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलं होतं. वैवाहिक दाव्यात ते पुरावा म्हणून घेता येईल, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये म्हटलं. तेव्हापासून माझ्याकडं येणारे काही जण समजतात की आता सगळं चालतं. चालत नाही. स्वतःशी झालेलं बोलणं आणि दुसऱ्याचा पासवर्ड वापरून वाचलेला इनबॉक्स यांत फार अंतर आहे. परवानगीशिवाय कुणाच्या फोनमध्ये किंवा खात्यात शिरून माहिती काढली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खोट्या नावानं अकाउंट काढून नवऱ्याला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवायचा सल्ला देणारे नातेवाईक भेटतील. तुरुंगात ते सोबत येणार नाहीत.

११. बोलायला जागा लागते

लोक का लिहितात, हे समजून न घेता "लिहू नका" म्हणणं मला पटत नाही. माहेरी परतलेली एक पक्षकार रोज रात्री विश्वासघातावरचे सुविचार टाकायची. नाव कुणाचंच नसायचं. नवऱ्याच्या वकिलांनी तो गठ्ठा फाइलला लावला आणि मानसिक छळाचा मुद्दा काढला. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, घरात बोलले की आई रडते. बाहेर बोलले की लोक मजा बघतात. तिथं निदान चारजण 'काळजी घे' म्हणतात." याला माझ्याकडं कायद्याचं उत्तर नव्हतं.

मी तिला वही दिली. रोज जे टाकावंसं वाटतं ते यात लिहा, वर तारीख घाला, पहिल्या पानावर "माझ्या वकिलांसाठी" असं लिहा. त्या वहीतून पुढं आम्हाला तारखा आणि प्रसंग मिळाले, दावा भक्कम झाला. आता मी अशा वह्या ऑफिसात ठेवूनच देते. शिवाय कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, त्यांना फक्त समेट घडवणारे समजू नका. मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे, मोफत आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा किंवा तालुका विधी सेवेच्या कार्यालयात करायचा, ते कोर्टातच असतं. हे माहीत नसल्यानं कितीतरी बायका आपली कैफियत फेसबुकवर मांडतात, कारण त्यांना ऐकणारं दुसरं कुणी दिसत नाही.

१२. तडजोडीत हे कलम घाला

निकाल लागला की जिंकलेला माणूस निकालाच्या प्रतीचा फोटो टाकतो. समोरच्याला अजून जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद दिवस असतात. मिटवायला तयार झालेला भाऊ अशा फोटोखालच्या अंगठ्यांची संख्या बघून अपिलाला उभा राहिलेला मी पाहिलाय. म्हणून अपिलाची मुदत संपेपर्यंत शांत राहा.

दावा तडजोडीनं मिटत असेल तर मी हल्ली एक कलम आवर्जून घालते : दोन्ही बाजूंनी एकमेकांविषयी आणि मुलांविषयी टाकलेला सर्व मजकूर हुकमानंतर पंधरा दिवसांत काढावा, पुन्हा टाकू नये, आणि नातेवाइकांनाही टाकायला लावू नये. या टप्प्यावर पुसणं कोर्टाच्या संमतीनं होतं, त्यामुळं त्यात भीती नाही. सह्या करताना मी दोघांना बाकावर शेजारी बसवते, त्यांच्याकडून एकेक पोस्ट उघडून यादी करून घेते आणि ती यादी तडजोडपत्राला परिशिष्ट म्हणून जोडते.